‘गेले’चा रकाना

माझ्या वहीत दोन रकाने आहेत. एकावर लिहिलंय ‘आले’, दुसऱ्यावर ‘गेले’. ‘आले’च्या खाली निळ्या पेनानं लिहिलेल्या तारखा आहेत, ठळक आणि खाडाखोड नसलेल्या. ‘गेले’च्या खाली सगळं पेन्सिलीनं. तिथला कागद खोडरबर फिरवून फिरवून इतका पातळ झालाय की पलीकडची अक्षरं दिसतात.

पक्षी येतो तो दिवस कळतो. काल तळ्यावर नव्हता, आज आहे. जाण्याचं तसं नसतं. आज दिसलेला थिरथिऱ्या या मोसमातला शेवटचा होता, हे आज कळायला काही मार्ग नाही. आठ दिवस जातात, दहा जातात, कुंपणाच्या तारेवर तो शेपूट थरथरवत बसलेला दिसत नाही, आणि मग मी वही मागे चाळत जाते. अच्छा, म्हणजे त्या मंगळवारी सकाळी पाहिला तोच शेवटचा. त्या मंगळवारी मी त्याच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं, बँकेत पोहोचायची घाई होती.

गेली अकरा वर्षं मी सोलापुरात पक्षी बघते आहे. त्यातली पहिली सहा-सात वर्षं माझी वही फेब्रुवारीअखेर बंद व्हायची. सगळ्यांचीच होते. आपल्याकडे पक्ष्यांचा मोसम म्हणजे थंडीचा. 5 ते 12 नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह. 5 तारीख अरण्यलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसाची, 12 तारीख पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींच्या. त्या आठवड्यात हिप्परगा तलावाच्या काठावर शाळांच्या सहली येतात, वर्तमानपत्रांत ‘परदेशी पाहुण्यांचे आगमन’ अशा मथळ्याखाली फोटो छापून येतात. फेब्रुवारीत अंगणातले पक्षी मोजायचे चार दिवस येतात, तेव्हाही ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर याद्यांचा पाऊस पडतो. आणि मग मार्च लागतो. पारा अडतीस-चाळिसाकडे सरकतो, दुर्बिणी कपाटात जातात, आणि नेमकी तेव्हाच सगळ्यात मोठी हालचाल सुरू होते. निरोपाला कुणीच नसतं.

सोलापूरचा वसंत कोकणातल्यासारखा हिरवागार नसतो. इथं माळ करडा पडलेला असतो, काळ्या रानाला पाऊल जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पण पहाटे साडेपाचला कडुलिंबाच्या मोहराचा वास सगळ्या शहरावर पसरलेला असतो. जुळे सोलापुरातून निघून तुळजापूर रस्त्यानं हिप्परग्याला जाईपर्यंत तो वास साथ सोडत नाही. माझ्या लेखी वसंत तो.

माझ्या ‘गेले’च्या रकान्याची सुरुवात खरं तर आजीपासून आहे. मंगळवेढा तालुक्यातल्या आमच्या गावी काळी, खोल जमीन. ज्वारीचं कोठार म्हणतात तो हा मुलूख. पावसाच्या ओलीवर रब्बीची ज्वारी यायची, मालदांडी. जानेवारीत कणसात दूध भरलं की आजी पहाटे रानात जाऊन माळ्यावर चढायची. हातात अंबाडीच्या सुताची गोफण, शेजारी दगडांची पाटी. सूर्य वर आला की पूर्वेकडून काळा ढग सरकत यायचा आणि आजी ओरडायची, “आल्या गं भोरड्या!”

भोरडी म्हणजे पुस्तकातली गुलाबी मैना, काही जण पळसमैना म्हणतात. डोकं, गळा, पंख आणि शेपूट काळं, मधलं अंग गुलाबी. हजारांच्या थव्यानं उतरते आणि दहा मिनिटांत वाफाभर कणसं मोकळी करते. आजीची गोफण सुटताना फट्‌ असा आवाज व्हायचा, ढग एका अंगावर वळायचा आणि शेजारच्या रानात उतरायचा. मग शेजारची काकू ओरडायची. सकाळभर तो ढग या रानातून त्या रानात असा फिरत राहायचा.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. ज्वारी निघाली होती, कडब्याची गंजी रचून झाली होती. एका सकाळी आजी अंगण झाडता झाडता थांबली, विहिरीवरच्या पांगाऱ्याकडे बघत म्हणाली, “गेल्या वाटतं.”

“कोण?”

“भोरड्या. ऐक की, शिवार कसं मुकं झालंय.”

“कुठं गेल्या?”

“बाळंतपणाला. माहेरी. पोरं उडती झाली की घेऊन येतील परत, आपलीच ज्वारी खायला.”

आजी शाळेची पायरी चढली नव्हती. मध्य आशिया हे नाव तिनं ऐकलं असण्याची शक्यता नाही. पण तिनं सांगितलं ते खरं होतं. भोरड्या एप्रिलमध्ये इथून निघतात आणि कझाकस्तान, तुर्कमेनिस्तानच्या बाजूच्या गवताळ, खडकाळ प्रदेशात जाऊन मे-जूनमध्ये अंडी घालतात. दगडांच्या फटींत घरटी, हजारो जोड्यांची वसाहत, आणि पिलांना भरवायला टोळ आणि नाकतोडे. टोळांची पैदास ज्या भागात जास्त, तिथं त्या वर्षी वसाहत. पिलं उडती झाली की जुलैपासूनच परतीला लागतात. आपल्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरात पहिले थवे दिसतात.

हिशेब केला तर वर्षातले आठ महिने ही पाखरं आपल्या रानात असतात. तिकडे जेमतेम तीन-चार. म्हणून ‘परदेशी पाहुणे’ हा शब्द मला मनापासून खटकतो. आठ महिने राहणाऱ्याला पाहुणा कोण म्हणतं? आजीच्या हिशेबात त्या माहेरवाशिणी होत्या, आणि त्यांचं सासर, म्हणजे नांदतं घर, हे होतं. ती त्यांना शिव्या द्यायची त्याही घरच्याच माणसाला द्याव्यात तशा.

आणखी एक गोष्ट मी पुष्कळ नंतर वाचली आणि आजी नाही याचं फार वाईट वाटलं. चीनच्या शिंच्यांग प्रांतात टोळांवर उपाय म्हणून याच पक्ष्यांना मुद्दाम बोलावतात. त्यांना घरटी करता यावीत म्हणून गवताळ भागात दगडांचे ढीग रचून देतात. जिच्यावर आजी दगड भिरकावायची, तिच्यासाठी तिकडे कुणी दगड रचून ठेवतं. तिला सांगितलं असतं तर तिनं गोफण खाली ठेवली नसती, पण “बघ, माहेरी कौतुक असतंच,” असं नक्की म्हणाली असती.

मार्च महिन्यात भोरडी जवळून बघावी. पावसाळ्याअखेर येते तेव्हा ती मळकी दिसते. पिसांच्या टोकांना मातकट कडा असतात आणि आतला गुलाबी रंग त्यांच्याखाली झाकलेला असतो. थंडीभर त्या कडा झिजत जातात. नवं पीस येत नाही, आहे तेच पीस झिजून उजळतं. होळीच्या सुमाराला काटेसावर आणि पांगारा फुललेला असतो, तेव्हा नर पूर्ण रंगात आलेला असतो. डोक्यावरचा काळा तुरा मागे पडलेला, चोच गुलाबी, आणि फुलात चोच खुपसून खुपसून कपाळावर परागकणांचा पिवळा टिळा लागलेला. गेल्या वर्षी विजापूर रस्त्यालगतच्या एका काटेसावरीवर मी असा एक नर बारा-तेरा फुटांवरून पाहिला. तो एकेका फुलाशी चार-पाच सेकंद थांबायचा, मान वर करून गिळायचा, शेजारच्या साळुंकीला एक दटावणी द्यायचा आणि पुढच्या फुलावर. सगळा वेळ घशातल्या घशात खरखर चालू. त्याला पुढे अडीच-तीन हजार किलोमीटर जायचं होतं आणि तो खात होता.

हे खाणं साधं नसतं. दिवस मोठा होऊ लागला की पक्ष्याच्या शरीरात जुळवाजुळव सुरू होते. भूक वाढते, कातडीखाली चरबी साठते, आणि लांबच्या पल्ल्याच्या काही छोट्या पक्ष्यांचं वजन निघण्याआधी जवळजवळ दुप्पट होतं. हवा थंड की गरम हा नंतरचा प्रश्न, पहिली खूण उजेडाची. इथं आपल्याला उकाडा जाणवायला लागतो त्याच्या आधीच त्यांची बांधाबांध सुरू झालेली असते.

हिप्परग्याच्या काठावर वेड्या बाभळींची एक जाळी होती. भोरड्यांचा रातथारा तिथं असायचा. संध्याकाळी सहाच्या सुमाराला रानारानातून लहान थवे येऊन तळ्यावर एकत्र व्हायचे. पन्नास, दोनशे, मग मोजणं संपायचं. एक मोठा थवा व्हायचा आणि पाण्यावरून फिरायला लागायचा. वळताना सगळ्यांच्या पाठी एकदम दिसायच्या आणि थवा काळा व्हायचा, पुढच्या वळणाला पोटं दिसली की फिकट. डोक्यावरून गेला की कोऱ्या लुगड्याची घडी झटकावी तसा आवाज. एखादा दलदली भोवत्या, हा शिकारी पक्षी, गवतावरून तरंगत आला की थवा आवळून घट्ट गोळा व्हायचा. मग कधीतरी, कुणी खूण केली कोण जाणे, सगळा ढग नळीतून ओतावा तसा जाळीत उतरायचा. त्यानंतर वीस मिनिटं नुसता कलकलाट, गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यांपाशी असतो तसा. आणि अंधार दाटला की एका क्षणात चूप.

चार वर्षांपूर्वी मार्चमध्ये ती जाळी यंत्र लावून साफ केली. कुणी केली त्याचं नाव घ्यायचं कारण नाही, आणि त्यामागचं म्हणणंही समजण्यासारखं आहे. वेडी बाभूळ बाहेरून आलेली, माजते, माळ खाऊन टाकते, तिच्याखाली गवत धरत नाही. माळावरून ती काढलीच पाहिजे असं मीही म्हणते. पण मार्चच का? पंधरा दिवस थांबलं असतं तरी चाललं असतं.

त्या संध्याकाळी मी तिथं होते. थवे नेहमीच्या वेळी आले. एकत्र झाले, फिरले, आणि जाळीच्या जागेवर उतरायला खाली झेपावले. खाली उकरलेली माती होती. जमिनीपासून चार-पाच हात वरून अख्खा थवा पुन्हा वर उठला. परत एक फेरी, परत खाली, परत वर. मी घड्याळ पाहिलं, चाळीस मिनिटं हे चाललं होतं. अंधार पडत आला तसा थवा फाटला. काही तारांवर बसल्या, काही काठच्या पाणकणसात शिरल्या, उरलेल्या शहराच्या दिशेनं गेल्या. प्रवासाला निघायच्या आधीच्या दिवसांत एकेक रात्रीची झोप आणि एकेक दिवसाचं खाणं साठवायचं असतं, आणि त्या संध्याकाळी तेवढी ताकद त्यांनी नुसतं घिरट्या घालण्यात घालवली. मी घरी आले, जेवले नाही. त्या दिवशी मी ‘गेले’च्या रकान्यात काहीच लिहिलं नाही, कारण त्या गेल्या होत्या की हाकलल्या गेल्या होत्या, हे मला ठरवता येईना.

त्यानंतरच मी मार्च-एप्रिलमध्ये वही चालू ठेवायला लागले. निदान कुणीतरी बघत असावं, एवढंच मनात होतं.

नान्नजच्या अलीकडे एका तात्यांचं रान आहे. बोअरच्या पाण्यावर अर्धा एकर लसूणघास, दोन जर्सी गाई, बाकी ज्वारी आणि हरभरा. मी पहिल्यांदा बांधावर दुर्बीण घेऊन उभी राहिले तेव्हा त्यांना मी जमिनीची मोजणी करायला आले असं वाटलं होतं. आता त्यांच्या घासाच्या वाफ्यात मी मार्चभर दर रविवारी असते. कारण पिवळा धोबी.

थंडीत हे धोबी ओळखायला बसलं की डोकं दुखतं. सगळे सारखेच, पाठ मातकट हिरवी, पोट फिकट पिवळट. गाईच्या खुरांशी तुरुतुरु पळतात, उडालेली माशी टिपतात, शेपूट वरखाली आपटतात. मार्च उजाडला की नरांची डोकी रंगायला लागतात, आणि मग कळतं की हे सगळे एका गावचे नाहीतच. एकाचं डोकं गडद राखी, तो उत्तर युरोप-सैबेरियाकडचा. एकाचं निळसर राखी आणि वर पांढरीशुभ्र भुवई, त्याची पैदास पश्चिम सैबेरिया आणि कझाकस्तानच्या कुरणांतली. एकाचं डोकं कोळशासारखं काळं, तो बाल्कनपासून मध्य आशियापर्यंतच्या पट्ट्यातला. सहा महिने हे सगळे तात्यांच्या अर्ध्या एकरात, दोन गाईंच्या मागं एकत्र जेवले. आता ज्याचा त्याचा रस्ता वेगळा होणार.

तात्यांना मी दुर्बिणीतून काळ्या डोक्याचा दाखवला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “ताई, ह्यो आमच्या घासात व्हता व्हय थंडीभर?”

“होता की. असा दिसत नव्हता तेव्हा.”

“जायच्या वक्ताला नटलाय बगा.” आणि दुर्बीण परत देताना विचारलं, “वाटंत खायला मिळतंय का न्हाई ह्यास्नी?”

वाटेत काय मिळतं हाच खरा प्रश्न आहे. या सगळ्या प्रवासाच्या वाटेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. सैबेरियापासून हिंदी महासागरापर्यंतचे तीसएक देश त्यात येतात. वहीतल्या नकाशावर मी तो पेन्सिलीनं काढला होता तेव्हा मोठा, रुंद पट्टा दिसत होता. रानात उभं राहिलं की तो पट्टा म्हणजे एक तळं, एक घासाचा वाफा, एक बाभळींची जाळी, आणि त्यातलं एकेक कमी होताना दिसतं.

पाण्यावरचे पक्षी आधी जातात. उजनीच्या फुगवट्यावर, करमाळ्याकडच्या केत्तूरच्या बाजूला, फेब्रुवारीअखेरपासून पाणी मागे सरकतं आणि चिखलाचे पट्टे उघडे पडतात. गाळपेरीची तयारी करणारी माणसं आणि चिखलात चोच फिरवणारे रोहित एकाच वेळी दिसतात. तलवार बदकं, थापटे मार्चमध्ये विरळ होत जातात. भिवई बदक मात्र उशिरापर्यंत रेंगाळतं, एप्रिलच्या उन्हातही नराची ती पांढरी भिवई लांबून चमकते. पट्टकादंब मी तिथं पाहिलेत, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, पहाटे. डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेला हा हंस हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे जातो, आणि उपग्रहाच्या खुणेवरून माग काढलेल्या काही पक्ष्यांनी सात हजार मीटरपेक्षा जास्त उंची गाठल्याची नोंद आहे. त्या पहाटे ते केत्तूरच्या पाण्याकाठी हरळी खात होते, घरच्या गाईगुरांसारखे निवांत.

नान्नजच्या माळावर मार्चमध्ये भोवत्या मोजायला जायचं. माँटेग्यूचा आणि पांढुरका, दोन्ही. दिवसभर गवतावरून हातभर उंचीनं फिरून नाकतोडे, उंदीर धरायचे आणि रात्री जमिनीवरच गवतात झोपायचं, अशी त्यांची रीत. राखी नर मावळतीच्या उन्हात जवळजवळ पांढरा दिसतो. 1979 साली हे अभयारण्य माळढोकासाठी झालं. आज त्या माळावर माळढोक दिसलाच तर एखादा, तोही नशीब असेल तर. त्याच्यासाठी राखलेलं गवत आता कझाकस्तानच्या भोवत्यांना, आपल्या काळविटांना आणि लांडग्यांना आसरा देतं, ही त्याची पुण्याई. पण दर वर्षी भोवत्यांच्या नावापुढे ‘गेले’ लिहिताना मला माळढोकाची आठवण होते. भोवत्या ऑक्टोबरात परत येणार हे माहीत असतं. माळढोक कुठं स्थलांतराला गेलेला नाही.

मारुती चितमपल्ली या शहरात जन्मले, जन्मभर रानात राहिले, आणि अखेरच्या दिवसांत पुन्हा सोलापूरला आले. 18 जून 2025 ला ते गेले. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार, बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार, असे शब्द त्यांनी मराठीला दिले. पक्षी निघून गेल्यावर तळ्यावर जो मोकळेपणा उरतो, त्यालाही एखादा शब्द हवा होता. आजीचा ‘मुकं शिवार’ मी त्या जागी वापरते.

या वर्षी भोरड्यांचा रातथारा हिप्परग्यावरून हलून गावाकडच्या बाजूला एका उसाच्या फडात झाला होता. पाडव्यानंतर थवा दर संध्याकाळी लहान होत गेला. आठ-दहा हजारांचा दोन हजारांवर आला, मग तीनशेवर. 9 एप्रिलला मी पन्नासएक मोजल्या. 10 ला, 11 ला, 12 ला एकही नाही. ऊस उभा होता, त्यात चिमण्या होत्या, वटवट्या होत्या. सातच्या सुमाराला अंधार उतरला तसं सगळं चूप झालं, पण ते चूप होणं भोरड्यांसारखं एकदम नव्हतं, हळूहळू झालं.

12 तारखेच्या रात्री मी वही काढली. भोरडी, गेल्या: 9 एप्रिल. पेन्सिलीनं.

14 ला सकाळी सातला तात्यांचा फोन.

“ताई, भोरड्या गेल्या म्हून लिवलं का?”

“लिहिलं, तात्या. 9 तारीख.”

“खोडा मग. हितं हौदावर पानी पितायत. सात हायत.”

“साळुंक्या नसतील ना?”

“ताई,” तात्या म्हणाले, “म्या हयातभर ह्यास्नी दगडं मारली. मला भोरडी वळखू येत न्हाई व्हय? दोनदा मोजल्या. सात.”

त्यांच्या आवाजामागं खरखर ऐकू येत होती. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि दुसऱ्या हातानं खोडरबर शोधला.